कुरणांच्या गावात खडी

लास वेगास म्हटले की आपल्यापुढे जुगाराचे अड्डे आणि रात्रभर जळणारे दिवे उभे राहतात. पण हे शब्द स्पॅनिश आहेत आणि त्यांचा अर्थ आहे ‘कुरणे’. आपल्या भाषेत गायराने म्हणा. 1829 मध्ये अँटोनिओ आर्मिहो नावाच्या व्यापाऱ्याचा तांडा न्यू मेक्सिकोतून कॅलिफोर्नियाकडे निघाला होता. वाट वाळवंटाची. त्यांच्यातला रफाएल रिव्हेरा नावाचा वाटाड्या पाणी शोधत पुढे गेला आणि त्याला जिवंत झरे सापडले, अशी हकिकत सांगतात. झऱ्यांच्या अवतीभवती गवत माजलेले होते. माणसांना पाणी आणि खेचरांना चारा, तांड्याला आणखी काय हवे? तेच नाव त्या जागेला चिकटले.

याच गावाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वीस कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ उकरून काढली आहे. म्हणजे सुमारे साडेचार हजार एकर. तिच्या जागी खडी, गोटे आणि वाळवंटात तगणारी झाडे आली. नाव कुरणांचे आणि दारात खडी, हा उलटा प्रवास कसा झाला, ते आज सांगायचे आहे.

आधी हिरवळीविषयी दोन शब्द. कापलेल्या गवताचे अंगण ही मूळची ओल्या, थंड हवेच्या देशांतली गोष्ट. इंग्लंडात बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो. तिथे गवत लावावे लागत नाही, ते आवरावे लागते. आवरायचे ते मेंढ्या सोडून किंवा विळ्याने कापणारे गडी ठेवून. त्यामुळे ज्याच्याकडे पीक न घेता नुसती ठेवण्याइतकी जमीन आणि वर माणसांची मजुरी देण्याइतका पैसा आहे, त्याचीच हिरवळ असायची. ती श्रीमंतीची पाटी होती. मग 1830 मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड या कापडगिरण्यांच्या गावात एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते. तेच तत्त्व जमिनीवर वापरले. हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती इथून.

अमेरिकेने ही आवड उचलली आणि तिचा जवळजवळ नागरिकधर्म केला. फ्रँक स्कॉट यांनी 1870 मध्ये उपनगरातील घरांच्या बागांवर पुस्तक लिहिले आणि घरापुढचे गवत कुंपण न घालता सर्वांच्या नजरेला मोकळे असावे, असा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. तिथे घराबरोबर हिरवळ मिळे आणि हंगामात ती दर आठवड्याला कापण्याची अटही मिळे. न कापणारा शेजारी म्हणजे आळशी शेजारी.

आपल्याकडची गोष्ट वेगळी होती. आपले अंगण सारवलेले. तुळशीवृंदावन, रांगोळी, वाळत घातलेले पापड. दारात गवत उगवले म्हणजे त्या घरात माणूस राहिला नाही, असाच अर्थ आपण घेत आलो. हिरवळ आली ती साहेबाच्या बंगल्याबरोबर आणि जिमखान्याबरोबर. आता तर ‘लॉन्स’ या शब्दाचा मराठीतला अर्थ लग्नाचे ठिकाण असाच झाला आहे. तिथे गवत असेलच असे नाही.

तर लास वेगास. वर्षाला सरासरी पाऊस शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात. रेल्वे आली आणि मे 1905 मध्ये रेल्वे कंपनीने माळावर भूखंडांचा लिलाव केला. जमिनीखाली दाबाखालचे पाणी होते. बोअर घेतले की ते आपोआप उसळून वर येई. पाण्याला मीटर नव्हते. पूर्वेकडून आलेल्या लोकांनी गावाकडची आठवण म्हणून दारात गवत लावले आणि त्यावर नळी सोडून दिली. पाणी फुकटासारखे असले की माणूस जसा वागतो, तसेच ते वागले. 1962 मध्ये ते मूळचे झरे आटले. भूजल इतके उपसले गेले होते की शहराच्या काही भागांत जमीन पाच फुटांहून अधिक खचली.

तोवर दुसरे पाणी हाताशी आले होते. शहरापासून तासाभराच्या आत कोलोरॅडो नदी आहे आणि तिच्यावर 1935 मध्ये हूव्हर धरण पुरे झाले. त्याच्या मागचे लेक मीड हे सरोवर भरलेले असताना आपल्या कोयनेच्या दहापटीहून मोठे. मात्र नदीची वाटणी आधीच झाली होती. 1922 चा करार आणि 1928 चा कायदा यांनी खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांचे वाटे ठरवले. त्यात नेवाडाला मिळाले वर्षाला तीन लाख एकर-फूट. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे मला असले आकडे टीएमसीत केल्याशिवाय कळत नाहीत. हे होतात तेरा टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साठ्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि ते एका राज्याला. तेव्हा कोणी तक्रार केली नाही, कारण 1930 च्या शिरगणतीत लास वेगासची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. 1990 मध्ये ते शहर ज्या परगण्यात आहे त्याची वस्ती साडेसात लाखांवर पोहोचली. 2020 मध्ये साडेबावीस लाख. वाटा मात्र तोच, तेरा टीएमसी.

1991 मध्ये तिथल्या सात पाणी व सांडपाणी संस्थांनी आपसातली ओढाताण थांबवून एक प्राधिकरण स्थापले. पॅट मुलरॉय या करारी बाई 1993 पासून वीस वर्षे त्याच्या प्रमुख होत्या. या मंडळींनी जो हिशेब मांडला तो या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लास वेगासमध्ये न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, हॉटेलांच्या हजारो खोल्यांत वापरलेले पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जाते आणि तिथून एका ओढ्यावाटे परत लेक मीडमध्ये सोडले जाते. जितके परत सोडाल, तितके वाट्याबाहेर पुन्हा उचलता येते. म्हणजे आंघोळीचे पाणी खर्चच होत नाही, ते फिरत राहते. गवतावर शिंपडलेले पाणी मात्र उडून जाते. ते परत येत नाही. त्या शहराला आंघोळ परवडते, हिरवळ परवडत नाही. पर्यटकांना दिसणारी कारंजी पाहून लोक हळहळतात. पण बेलाजिओ हॉटेलपुढच्या प्रसिद्ध कारंज्याची जागा पूर्वी ड्यून्स हॉटेलकडे होती. त्या हॉटेलच्या गोल्फच्या मैदानाला ज्या विहिरीचे पाणी मिळे, तेच आता आठ एकरांच्या तलावाला पुरते. खरा चोर दिव्यांच्या रस्त्यावर नव्हता; तो प्रत्येकाच्या दारात गालिच्यासारखा पसरला होता.

मग 1999 मध्ये योजना आली : हिरवळ काढा आणि चौरस फुटाप्रमाणे पैसे घ्या. सुरुवातीला दर एका डॉलरच्याही आत होता. 2018 मध्ये तो तीन डॉलर झाला. नुसती घोषणा करून प्राधिकरण थांबले नाही. शेकडो घरांना वेगळे मीटर बसवून त्यांनी अनेक वर्षे मोजमाप केले आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापला. एका चौरस फूट गवताला वर्षाला 73 गॅलन पाणी लागते. त्याच जागी खडी आणि वाळवंटी झाडे असतील तर 17 गॅलन. वाचतात सुमारे 56 गॅलन, म्हणजे 211 लिटर. हे आपल्या भाषेत असे मांडता येईल : दहा बाय दहा फुटांच्या हिरवळीच्या तुकड्यामागे वर्षाला दहा हजार लिटरचे दोन टँकर वाचतात. मराठवाड्यातल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

माझा भाचा त्या शहराच्या कडेला हेंडरसनमध्ये राहतो. 2009 मध्ये मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, तिकडे गेलो असताना त्याने दारातले गवत काढायला घेतले. प्राधिकरणाचा माणूस आधी येऊन बघून जातो. गवत जिवंत पाहिजे. वाळून मेलेल्या गवताला पैसे नाहीत, आणि पाहणीआधी कुदळ मारली तरी नाहीत. मोजपट्टीचे दुसरे टोक मी धरले. गवत होते बर्म्युडा जातीचे. मी वाकून पाहिले तर ओळखीचे निघाले. ही आपली हरळी. वनस्पतिशास्त्रात दोन्हींचे नाव एकच. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच, आणि शेतात शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो ती हरळीही तीच. तुकडा राहिला की पुन्हा फुटते. म्हणून भाच्याने आधी तिला भरपूर पाणी घालून तरारू दिले, मग तणनाशक मारले, पंधरा दिवस थांबला, पुन्हा फुटली तशी पुन्हा मारले आणि मगच खणायला सुरुवात केली.

एका सकाळी ट्रकने खडी दारात ओतली. ताईला ते काही केल्या पटेना.

“अरे, दारात खडी कसली ओतलीस? रस्त्याचं काम काढलंयस का?”

“आई, आधी पाण्याचं बिल बघ, मग बोल.”

“बिल बघितलं. पण घराला शोभा नको?”

सूनबाईचा आक्षेप वेगळा होता. मुलांनी खेळायचे कुठे? त्यावर तोडगा निघाला की मागच्या अंगणातला खोलीएवढा तुकडा राखायचा. “मामा, तुम्हीच सांगा दोघींना,” असे भाचा म्हणाला खरा. पण बहीण आणि सून एका बाजूला असताना शहाण्या माणसाने बोलू नये, इतके मला कळते. शिवाय सूनबाईचे म्हणणे बरोबरच होते. ज्या गवतावर मूल लोळते ते गवत आणि ज्यावर फक्त कापण्याचे यंत्र फिरते ते गवत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कायद्यानेही हाच भेद केला.

आता खडीचे काम काय, ते पाहू. लोकांना वाटते ती दिसायला टाकतात. रंगीत खडी, तांबूस गोटे असे प्रकार बाजारात मिळतात आणि त्यांची नावेही मोठी काव्यमय असतात. पण खडी म्हणजे मूलतः आच्छादन. दोन-तीन इंचांचा थर मातीवर सावली धरतो, ओल उडू देत नाही, पावसाचा थेंब आपटून मातीचा पापुद्रा बनू देत नाही आणि पडलेले पाणी आत झिरपू देतो. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला काडीकचऱ्याच्या आच्छादनाचे महत्त्व ठाऊक आहे. हे दगडाचे आच्छादन. त्याखाली फवाऱ्यांच्या जागी ठिबकच्या नळ्या जातात आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी मोजून पाणी पडते.

गंमत अशी की हिरवळीच्या माहेरी, इंग्लंडातसुद्धा हे घडले. पूर्व किनाऱ्यावरच्या एसेक्स परगण्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, पुण्यापेक्षाही कमी. तिथे बेथ चॅटो नावाच्या नामवंत उद्यानकार होत्या. 2018 मध्ये त्या वारल्या. 1991-92 च्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या बागेतला मोटारी उभ्या करण्याचा जुना, दगडासारखा घट्ट झालेला तळ फोडला, त्यात कंपोस्ट मिसळले, कोरड्या प्रदेशातली झाडे लावली आणि वर बारीक गोटे पसरले. त्या बागेला पाणी घालायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. 1995 च्या कोरड्या उन्हाळ्यातही तो त्यांनी मोडला नाही. जगेल ते जगेल. आजही ती बाग पाहायला लोक लांबून येतात.

पण खडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसती खडी पसरली तर ती दिवसभर तापते आणि रात्री ती धग घराकडे फेकते. म्हणून लास वेगासच्या योजनेत अट आहे की झाडे पूर्ण वाढली म्हणजे निम्मी जागा तरी पानांखाली आली पाहिजे. खाली हवा आणि पाणी अडवणारे प्लास्टिक चालत नाही. पैसे घेतले की पुन्हा गवत लावणार नाही असे लिहूनही द्यावे लागते. अट चांगली, पाळणारे सगळे सारखे नसतात. चार खुरटी झुडपे आणि बाकी तापलेला दगड, अशीही पुष्कळ अंगणे मी पाहिली.

आणि त्याहून वाईट म्हणजे जुनी झाडे. हिरवळीत उभ्या असलेल्या ॲशच्या, पाइनच्या झाडांनी वर्षानुवर्षे गवताच्या पाण्यावरच गुजराण केलेली असते. त्यांची मुळे वरच्या थरात, फवारा पोहोचतो तितक्यात पसरलेली. गवत गेले, फवारे गेले, खोडाशी ठिबकची दोन तोंडे ठेवली की झाड दोन-तीन उन्हाळ्यांत शेंड्याकडून वाळू लागते. भाच्याच्या दारातले ॲशचे झाड असेच गेले. ताईने लावलेले नव्हते, पण पुढच्या खेपेला ते दिसले नाही तेव्हा ती दाराशी बराच वेळ उभी राहिली. अलीकडे तिथल्या रहिवाशांनी याबद्दल मोठी ओरड केली आहे आणि ती मला रास्त वाटते. 45 अंशांच्या गावात सावली ही चैन नव्हे. मुळांच्या घेरभर पाणी देत गवत हळूहळू कमी करता येते. त्याला खर्च आणि धीर लागतो, इतकेच.

या सगळ्याला घाई आली ती नदीमुळे. 2002 मध्ये कोलोरॅडोला सरासरीच्या चौथाईच पाणी आले. 2003 पासून नव्या घरांपुढे हिरवळ लावायला बंदी झाली. पाणी वाया घालवणाऱ्यांना पकडायला गल्लोगल्ली कॅमेरे घेऊन निरीक्षक फिरू लागले. जुलै 2022 मध्ये लेक मीडची पातळी 2000 पेक्षा सुमारे 170 फुटांनी खाली होती. धरण पहिल्यांदा भरत होते त्या काळानंतर इतकी कधीच नव्हती. त्या मे महिन्यात उघड्या पडलेल्या चिखलात एका पिंपात दडवलेला जुना मृतदेह सापडला. बातमी जगभर गेली.

त्याआधीच, जून 2021 मध्ये, नेवाडाच्या विधिमंडळाने कायदा केला होता. ज्या गवतावर कोणी चालत नाही, खेळत नाही, अशा गवताला 2027 पासून कोलोरॅडोचे पाणी द्यायचे नाही. रस्त्यांमधली पट्टी, कचेऱ्यांसमोरचे तुकडे, वसाहतींच्या फाटकांची शोभा, हे सगळे त्यात आले. शाळा, उद्याने, स्मशानभूमी वगळल्या. स्वतंत्र घरांची अंगणे वगळली. गोल्फची मैदानेही वगळली. त्यांना पाण्याचा ठरावीक कोटा आहे. कोणते गवत कामाचे आणि कोणते बिनकामाचे, हे सरकारने ठरवायचे, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. पण आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलाच होता. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदानांवर मारायचे पाणी हाच वादाचा विषय होता.

लास वेगासला फळ मिळाले. 2002 नंतरच्या वीस वर्षांत तिथली वस्ती साडेसात लाखांहून अधिक वाढली आणि नदीतून घेतलेले निव्वळ पाणी कमी झाले. माझ्या सबंध नोकरीत असे उदाहरण मी पाहिले नाही.

तरी एक आकडा सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. त्याच नदीचे पाणी कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्यातल्या एका सिंचन मंडळाला मिळते. त्याचा हक्क आहे वर्षाला 31 लाख एकर-फुटांचा. म्हणजे 135 टीएमसी. एक सबंध कोयना आणि वर आणखी. अवघ्या नेवाडा राज्याच्या दहापट. तिथे भाजीपाला होतो, पण फार मोठ्या क्षेत्रावर होते ते अल्फाल्फा, म्हणजे आपले लसूणघास. जनावरांचा चारा. नेवाडात चौरस फूट मोजून गवत उपटले जाते आणि खाली हजारो एकरांवर चारा पिकतो. उसाचे नाव काढले की आपल्याकडे बैठकीत जी शांतता पसरते, तशीच तिकडे लसूणघासाचे नाव काढले की पसरते. शेतकऱ्याचा हक्क शहराच्या आधीचा आहे, आणि तो कायद्याने पक्का आहे. तो हिसकावून घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण शहरातल्या बाईने दारातले झाड गमावायचे आणि खोऱ्याने काहीच सोडायचे नाही, हेही चालण्यासारखे नव्हते. 2024 च्या उन्हाळ्यात त्या सिंचन मंडळाने शेतकऱ्यांना पैसे देऊन चाऱ्याचे पाणी 45 ते 60 दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. लसूणघास तेवढ्याने मरत नाही. त्याची मुळे खोल असतात. ते वरून पिवळे पडून थांबते आणि पाणी मिळाले की पुन्हा फुटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)